सिस्टरच्या डायरीतली एक ओळ

माझ्या बायकोला बावीस वर्षांच्या संसारात मी बसून चहा पिताना पाहिलेलं नाही. उभ्या उभ्या दोन घोट घ्यायचे, उरलेला माझ्या कपात ओतायचा, कपबशी ओट्यावर आपटायची आणि चपला शोधायच्या. लग्नाच्या आधी तिचा भाऊ मला म्हणाला होता, "हिच्या पायाला भिंगरी हाये, दाजी." मला वाटलं, पाहुण्यांना म्हणायची रीत असेल. पुढं कळलं की त्यानं प्रामाणिकपणे सूचना दिली होती.

शकुंतला नर्स आहे. सेनगाव तालुक्यात साखरा गावापासून आत आत जात राहिलं की एक गाव लागतं, तिथल्या उपकेंद्रावर ती एकोणनव्वद साली रुजू झाली. तिच्याकडं चार गावं आणि बंजाऱ्यांचे दोन तांडे. मी त्याच गावात शाळेवर विज्ञान शिकवायचो. गाव तिला सिस्टर म्हणायचं आणि मला शिवहार मास्तर. घरात मी चिडलो की तिला सिस्टर म्हणतो आणि ती चिडली की मला मास्तर म्हणते, त्यामुळे घरात आम्हाला नावं अशी फारशी उरली नाहीत.

तिच्याकडं एक ट्रंक भरून डायऱ्या आहेत. रोज कुठल्या घरी गेली, कोणाला काय झालंय, काय औषध दिलं, सगळं त्यात लिहिलेलं. साहेब लोक वर्षाअखेरी सही करून विसरून जायचे, ही मात्र एकही फेकत नसे. उंदरांनी कोपरे खाल्लेत, पण ओळी शाबूत आहेत. त्यातल्या एका ओळीची ही गोष्ट. मी तिचा नवरा असल्यामुळे तिची बाजू घेऊन सांगेन असं कोणाला वाटत असेल तर त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

चौऱ्याण्णव सालचा श्रावण. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. सकाळी दहाच्या सुमाराला तांड्यावरचा बाबूसिंग चिखलानं भरलेला धावत आला. त्याची बायको संगिता पहाटे बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. ओढ्याला पाणी होतं. शकुंतलानं पिशवी डोक्यावर धरून ओढा ओलांडला. मी मागं लुना घेऊन अलीकडच्या काठावर उभा राहिलो, कारण लुनाला पोहता येत नाही आणि मलाही नाही.

पुढचं तिनं सांगितलेलं. खोपटात जमीन भिजलेली. संगिताचे ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. सासू धुरपताबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन नुसती तिच्या गालावर चापट्या मारत होती. शकुंतलानं इंजेक्शन दिलं, पोट दाबत वार काढली, संगिताला बाजेवर घालून चार माणसांच्या खांद्यावर ओढा पार करवला आणि जीप गाठून हिंगोलीला नेलं. तीन बाटल्या रक्त चढलं. संगिता जगली. वय एकोणीस.

त्या आठवड्यात शकुंतला जमिनीवर चालत नव्हती. तिनं कोणाला बढाई मारली नाही, पण मला वरणात मीठ जास्त पडलंय असं म्हणायचीही चोरी होती. आणि खरं सांगतो, मलाही तिचा फार अभिमान वाटला होता.

मग ती बाळंतिणीला बघायला तांड्यावर गेली. तिथं धुरपताबाई नातीला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजत बसलेली. संगिता बाजूला भिंतीकडं तोंड करून निजलेली. शकुंतलाचं डोकं फिरलं. एवढं जिवावरचं संकट टळलं आणि ही बया लेकराला अंगावर घेत नाही! तिनं संगिताला उठवून बसवलं, पोरीला तिच्या छातीशी धरलं आणि तिला चांगलं धारेवर धरलं. आईचं दूध म्हणजे काय, शेळीचं दूध म्हणजे काय, लेकरू मेलं तर पाप कुणाला, सगळं. चार बाया दारात उभ्या राहून ऐकत होत्या. असं तीन वेळा झालं. मग ओळ पडली, तिच्या त्या टोकदार अक्षरात: 'माता अंगावर पाजत नाही. समज दिली.'

नर्सबाईच असं बोलली म्हटल्यावर तांड्याला आणखी काय पाहिजे? संगिता आपल्या पोरीला दूध देत नाही, हे पक्कं झालं. त्यानंतर त्या तांड्यात कोणी बाळंत झालं की संगिताला खोपटाच्या आत येऊ देत नसत. तिची सावली पडली तर दुसरीचंही दूध आटेल म्हणून. धुरपताबाई स्वतःच दारात आडवी बसायची. पोरगी राधिका मात्र शेळीच्या दुधावर चांगली टुणटुणीत वाढली.

संगिता तशी वाढली नाही. दर खेपेला शकुंतला तांड्यावरून आली की कुरकुरायची. "ती बाई काही बराबर न्हाई. चैतात घोंगडं घेऊन बसती. वाळंना, उलट सुजून राहिली. केस चालले, भुवया चालल्या. बोलती बी अशी, एक शब्द आज, एक उद्या." तिनं लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताच्या दिल्या, काही फरक नाही. पाळीचं विचारलं तर संगिता म्हणाली, बाळंतपणापासून एकदाही आली नाही. अशक्तपणानं असेल, असं डायरीत पडलं. तांड्यात मात्र त्याला आळशीपणा म्हणत. बाबूसिंगला दुसरी कर म्हणून लोकांनी किती सांगितलं, पण तो माणूस हलला नाही. ज्वारी काढायला बायको उभी राहू शकत नसे, तर हा दोघांचं काम करायचा आणि घरी येऊन भाकरीही थापायचा. त्याला मी मानतो.

शकुंतलाला चैन पडत नव्हती. भाजी चिरता चिरता विळीवरचा हात मध्येच थांबायचा आणि ती म्हणायची, "पन काहून?" मी म्हणायचो, काय काहून? "संगिताचं वो. काहून होऊन राहिलं तिला असं? आपन वाचवली ना तिला?" मी म्हणायचो, तुझ्याकडं चार हजार माणसं आहेत, एकीचंच काय घेऊन बसलीस. त्यावर ती पुन्हा चिरायला लागायची. नव्व्याण्णवला हिंगोली जिल्हा झाला, कार्यालयांवरच्या पाट्या बदलल्या, हिचा प्रश्न तोच राहिला.

पुढं क्षयरोगाच्या नव्या पद्धतीचं प्रशिक्षण झालं. रोग्याच्या हाती गोळ्या देऊन मोकळं व्हायचं नाही, समोर उभं राहून गिळायला लावायच्या. ही पद्धत जणू शकुंतलासाठीच काढली होती. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती रोग्यासमोर उभी राहायची. "गिळ. आता तोंड उघड. जीभ वर कर." मळमळतंय, कडू लागतंय, उद्या घेतो, काही चालायचं नाही. त्या तांड्यातले तीन जण तिनं असे ठणठणीत केले. माणूस तक्रार करतो आणि गोळी त्याला बरं करते, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं.

दोन हजार तीनच्या फाल्गुनात ती हट्टानं संगिताला हिंगोलीला एका डॉक्टरकडं घेऊन गेली. रक्त तपासणीला बाहेर गेलं, चार दिवसांनी कागद आला. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम फारच मंदावलेलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी, कायमची. शकुंतला घरी आली ती नाचतच. "सापडलं! नऊ वर्षं, मास्तर, नऊ वर्षं!"

मी कागद बघितला. माझा विषयच तो. पुस्तकातला तक्ता मला झोपेतही पाठ: पीयूषिका ग्रंथी मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी, तिची संप्रेरकं अमुक अमुक. कागदावर दोन आकडे होते. थायरॉइडचा आकडा तळाला गेलेला. त्याखाली त्या ग्रंथीला कामाला लावणाऱ्या, वरून येणाऱ्या संप्रेरकाचा आकडा, तो मात्र हद्दीत. मी म्हणालो, "हा खालचा बरोबर आहे की. हा वाढायला पाहिजे होता ना?" शकुंतला म्हणाली, "डॉक्टर तुमी का ते?" मला राग आला आणि मी कागद घडी करून परत दिला. त्या दिवशी आणखी दोन मिनिटं मी भांडायला हवं होतं. एरवी मी मिठावरून अर्धा तास भांडतो.

दुसऱ्या दिवसापासून शकुंतला रोज सकाळी तांब्या घेऊन संगितासमोर उभी. पहिले पाच-सहा दिवस काही नाही. मग संगिता म्हणाली, गोळी सोसत नाही. चक्कर येते, जीव घाबरा होतो. "होतं सुरवातीला. गिळ." मग अन्न जाईना. मग उलट्या. धुरपताबाई म्हणाली, "नर्सबाई, गोळीनंच होऊन राहिलं हे. बंद करा." शकुंतलानं तिला गप्प केलं. एका सकाळी गोळी उलटीत पडली, तर हिनं दुसरी दिली आणि पुन्हा उलटी होऊ नये म्हणून अर्धा तास तिची पाठ चोळत बसली. मायेनं, हे मी शपथेवर सांगतो. तेच तर वाईट.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा संगिता ओळख देईना. हात गार, नाडी धाग्यासारखी. रक्तदाबाचा पट्टा दोनदा बांधला तरी पारा काही सांगेना. शकुंतलानं त्या दिवशीची गोळी पिशवीतून काढली, पुन्हा आत ठेवली आणि बाबूसिंगला जीप आणायला पळवलं. मला शाळेतून निरोप देऊन बोलावलं. मी खडूच्या हातानं जीपमध्ये चढलो.

हिंगोलीला थांबायचं नाही, सरळ नांदेड, असं तिनं ठरवलं. कळमनुरीला आठवडी बाजार होता. रस्त्यावर बैलं, मिरचीची पोती, बांगड्यांची पालं, जीप मुंगीच्या पावलानं. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. शकुंतला चालत्या जीपमधून उतरली आणि बैलांच्या शिंगांना धरून बाजूला सारत, माणसांना ढकलत, शिव्या देत जीपपुढं चालू लागली. पदर कुठं, चप्पल कुठं. मागं धुरपताबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन गालावर चापट्या मारत होती, नऊ वर्षांपूर्वी मारल्या होत्या तशाच. मला त्या जीपमध्ये भीती वाटली. संगिताची तर वाटलीच, पण ही गेली तर माझी बायको यातून उठणार नाही, ही जास्त.

नांदेडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, रागिणी नावाची. तिनं संगिताचा चेहरा पाहिला, भुवया पाहिल्या, केस गेलेली काख पाहिली आणि सलाईन लावता लावताच विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"व्हय. फार."

"नंतर पाळी?"

"न्हाई आली."

"दूध आलं होतं?"

"पाजत नव्हती ती," शकुंतला पटकन म्हणाली.

डॉक्टरीण सुई धरून थांबली. "पाजत नव्हती, की येत नव्हतं?"

उत्तर धुरपताबाईनं दिलं, कोपऱ्यातून, जमिनीकडं बघत. "थेंब न्हाई आला, बाई. मी पिळून पाह्यलं व्हतं."

डॉक्टरणीनं एक इंजेक्शन दिलं. शकुंतला दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिली. मी बस म्हटलं, तिनं ऐकलं नाही. दुपारी नाडी हाताला लागली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता संगितानं डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली." बाबूसिंग तिथंच भिंतीला टेकून रडला.

मग डॉक्टरणीनं आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. पीयूषिका स्वतः फार काम करत नाही, ती दुसऱ्या ग्रंथींना कामाला लावते. एक संप्रेरक गळ्यातल्या ग्रंथीला, एक मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, एक-दोन बीजकोशांना. दूध आणणारंही तिथूनच निघतं. बाळंतपणात रक्त फार गेलं की या वाटाण्याला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. खालच्या ग्रंथी धडधाकट असतात, पण त्यांना सांगणारंच कोणी नाही. मी म्हणालो, "मुख्याध्यापक गेल्यावर शाळा असते तसं." ती हसली. म्हणाली, "तसंच. आणि गळ्यातली ग्रंथी मंद असताना वरच्याचा आकडा हद्दीत दिसला, तर तो बरा नव्हे. त्यानं तेव्हा आरडाओरडा करायला हवा होता." मी मान खाली घातली.

तिनं आणखी एक सांगितलं. अशा संप्रेरकांना पुस्तकात दोन नावं आहेत, 'ट्रॉपिक' आणि 'ट्रॉफिक'. पहिल्याचा मूळ अर्थ वळवणारं, दुसऱ्याचा पोसणारं. तिला दुसरं पटतं, कारण वरून आलेलं हे खाद्य बंद झालं की खालची ग्रंथी उपासमारीनं आक्रसत जाते. आमच्या पुस्तकात सरळ 'उद्दीपक' असं आहे. मी वीस वर्षं पोरांना ते पाठ करायला लावलं, दोन मार्कांना येतं म्हणून. त्या तक्त्यातली एकेक ओळ ओढ्यापलीकडं घोंगडं पांघरून बसली होती.

"आणि गोळी?" शकुंतलानं विचारलं.

डॉक्टरीण म्हणाली, थायरॉइडच्या गोळीनं शरीराचा वेग वाढतो. अधिवृक्काकडं स्वतःचं संप्रेरक आधीच थोडंसं उरलं होतं, ते त्या वेगात संपून गेलं. अधिवृक्काचं औषध आधी आणि थायरॉइडचं मागून, असा क्रम असतो. "तुम्ही आणलंत म्हणून वाचली, सिस्टर."

"मीच गिळायला लावल्या," शकुंतला म्हणाली. "एकोणीस. उभं राहून."

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते ट्रंक ओढायचं. चौऱ्याण्णवची डायरी काढली, ती ओळ काढली, माझ्यासमोर धरली. पुढचे आठ दिवस ती घरात नुसती फिरत होती. भाकरी करपायची, दूध उतू जायचं. मी म्हटलं, झालं ते झालं, बाई वाचली, गोळ्या सुरू झाल्या, आता कशाला? ती म्हणाली, "तिला खोपटात घेत न्हाईत, मास्तर. माझ्या एका ओळीनं." मी म्हटलं, डायरी कोणी वाचलीय? "ओळ मी दारात मोठ्यानं बोलले व्हते."

तांड्याची एक रीत आहे. कोणावर बोल लागला तर तो घरात बसून पुसला जात नाही. तांड्याचा प्रमुख जो नाईक, त्याच्यासमोर, सगळ्यांच्या बैठकीत पुसावा लागतो. शकुंतलानं थावरा नाईकाला निरोप धाडला की मला बैठक पाहिजे. मी घाबरलो. उद्या कोणी म्हणालं की नर्सनं आमची बाई मारली होती, तर नोकरी जाईल. तिनं चपला घातल्या.

दुपारी चारला लिंबाखाली सगळे जमले. संगिता नवऱ्याचा हात धरून चालत आली. घोंगडं नव्हतं. थावरा नाईक म्हणाला, "बोला, नर्सबाई." शकुंतला उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. बाळंतपणात रक्त गेलं, डोक्यातली एक गाठ मेली, तिच्यामुळं दूध आलं नाही, पाळी गेली, अंगातली ताकद गेली. यात संगिताची काही चूक नाही आणि तिच्या सावलीनं कोणाचं दूध आटत नाही. "ती पाजत न्हाई असं मी बोलले. ते खोटं व्हतं. गोळ्याबी मीच चारल्या. त्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला."

धुरपताबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. शेवटी संगिताच बोलली, तिच्या त्या सावकाश आवाजात.

"मी तवाच सांगितलं व्हतं, बाई. येत न्हाई म्हनलं. गोळीचंबी सांगितलं. सोसत न्हाई म्हनलं."

शकुंतला खाली बसली. मातीत, सगळ्यांसमोर.

"तवा लिवलं काय व्हतं तुमी?" संगितानं विचारलं.

शकुंतलानं पिशवीतून डायरी काढून ओळ वाचून दाखवली.

"खोडा ते."

"सरकारी डायरी हाये. खोडता येत न्हाई. खाली लिहू?"

"लिवा."

शकुंतलानं माझ्याकडून पेन घेतलं, त्या ओळीखाली लिहिलं, त्या दिवशीची तारीख घातली, सही केली. संगितानं डायरी हातात घेऊन बराच वेळ अक्षरांकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं राधिकाला जवळ बोलावलं. "तू शाळंत जातीस ना. वाच, बराबर लिवलं का."

राधिका नऊ वर्षांची, चौथीतली. बोट ठेवून, अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिनं ती ओळ वाचली. "दूध आले नाही. मातेने सांगितले होते." मग तिनं आईकडं मान वर केली. "याडी, यातली माता कोन?"

"मी," संगिता म्हणाली.